संगणकाचे पहिले मिनिट : स्टार्टअप प्रोग्रामांचा चाळीस वर्षांचा इतिहास

१/
संगणकाचे बटण दाबल्यापासून तो खरोखर आपल्या हाती येईपर्यंत जो काळ जातो, त्या काळात यंत्रावर सत्ता कोणाची असते? प्रश्न वरवर पाहता तंत्रज्ञांचा आहे. पण त्याच्या उत्तरात चाळीस वर्षांची ओढाताण दडलेली आहे. टास्क मॅनेजर उघडावा, स्टार्टअपच्या सदरातील नको ती नावे बंद करावीत, की संगणक हलका होतो, हे आज शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. ती नावे तेथे मुळात कोणी लिहिली, लिहिण्याचा अधिकार मालकाच्या हातून केव्हा निसटला आणि पुसण्याचा अधिकार परत मिळण्यास इतका काळ का लागला, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. आजचा धागा त्याविषयी. थोडा लांबला आहे. चहा घेऊनच बसावे.

२/
प्रारंभ १२ ऑगस्ट १९८१ रोजी, न्यूयॉर्कमध्ये. त्या दिवशी आयबीएमने आपला पहिला वैयक्तिक संगणक, म्हणजे पीसी, जाहीर केला. सर्वांत स्वस्त नमुन्यात मेमरी होती अवघी १६ किलोबाइट. आत इंटेलचा ८०८८ हा प्रोसेसर होता आणि त्याच्या पत्तावाहिन्या २०. म्हणजे त्याला एकूण १०,४८,५७६ पत्ते, अर्थात १ मेगाबाइट एवढीच जागा ओळखता येत असे. आयबीएमच्या अभियंत्यांनी या जागेची वाटणी केली : खालचे ६४० किलोबाइट प्रोग्रामांसाठी, वरचे ३८४ किलोबाइट पडदा, रॉम आणि जोडकार्डांसाठी. १६ किलोबाइटच्या जमान्यात ६४० म्हणजे मोकळे माळरानच. "६४० किलोबाइट कोणालाही पुरतील" असे बिल गेट्स म्हणाल्याचे आजही सांगितले जाते. गेट्स यांनी ते साफ नाकारले आहे आणि तसा पुरावाही कधी पुढे आलेला नाही. वाक्य खोटे असले तरी भिंत खरी होती, आणि पुढची बारा-पंधरा वर्षे जगभरातील पीसीधारक तिच्यावर डोके आपटत राहिले.

३/
या यंत्रावर चालणारी डॉस ही कार्यप्रणाली एका वेळी एकच काम करी. संगणक सुरू झाला की ती एक फाइल शोधे : ऑटोएक्झेक डॉट बॅट. साधा मजकूर, एका ओळीत एक आज्ञा. तारीख विचार, अमुक मार्ग ठरव, तमुक प्रोग्राम सुरू कर. मार्च १९८३ मध्ये पीसी एक्सटीबरोबर डॉसची दुसरी आवृत्ती आली आणि तिच्यासोबत कॉन्फिग डॉट सिस ही दुसरी फाइल आली. उपकरणांचे ड्रायव्हर तिच्यातून चढवले जात. संगणक चालू होताना मालकाच्या वतीने काय काय घडावे, याची संपूर्ण यादी या दोन फाइलींत असे. ती कोणत्याही साध्या संपादकात उघडता येई, वाचता येई, खोडता येई. एखादी ओळ तात्पुरती नको असेल तर तिच्या आरंभी 'रेम' ही तीन अक्षरे लिहायची. ओळ जागेवर राहते पण मुकी होते. आज आपण ज्याला 'डिसेबल' म्हणतो त्याचे हे मूळ रूप. पुढची सारी गोष्ट समजण्यासाठी एवढे ध्यानात ठेवावे, की यादी एकाच ठिकाणी होती आणि मालकाला वाचता येत होती.

४/
मग यादीत विशेष काय लिहायचे होते? डॉसमध्ये एक पळवाट होती. प्रोग्रामने काम संपवताना "मी जातो, पण माझी जागा मोकळी करू नकोस" असे डॉसला सांगता येत असे. अशा प्रोग्रामांना इंग्रजी आद्याक्षरांवरून टीएसआर म्हणत. मराठीत निवासी प्रोग्राम म्हणूया. डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीतील प्रिंट ही आज्ञा याच जातीची : छपाई मागे चालू, आपण पुढे दुसरे काम करायला मोकळे. पण या युक्तीचे सोने केले ते बोरलँड या कंपनीने. १९८४ साली तिने साइडकिक बाजारात आणले. कोणत्याही कामाच्या मध्ये दोन कळा एकत्र दाबाव्यात, आणि पडद्यावर वही, गणकयंत्र, दिनदर्शिका उमटावी. पुन्हा दाबाव्यात, आणि सारे अदृश्य होऊन आपले मूळ काम जिथल्या तिथे. एका वेळी एकच काम करणाऱ्या यंत्रावर हे पाहणाऱ्याला जादूच वाटली असणार. साइडकिक अफाट खपले आणि निवासी प्रोग्रामांचे पेव फुटले.

५/
जादूची किंमत दोन प्रकारे मोजावी लागली. पहिली कळफलकाची. प्रत्येक निवासी प्रोग्राम कळ दाबल्याची वर्दी आधी आपल्याकडे यावी म्हणून वाटेत नाका टाकून बसे. दोन-तीन जण एकाच वाटेवर नाके टाकू लागले की भांडणे ठरलेली. म्हणून अमुक आधी चढवा, साइडकिक मात्र सर्वांत शेवटी, असले नियम माहीतगार एकमेकांना सांगत असत. दुसरी किंमत जागेची. निवासी प्रोग्रामला बाहेर काढण्याची सोय डॉसकडे नव्हतीच. पुण्या-मुंबईच्या जुन्या वाड्यांतील भाडेकरूंसारखेच हे. आत घेणे सोपे, बाहेर काढणे महाकठीण. मधलाच एखादा निघाला तरी मेमरीत भोक पडे आणि ती जागा पुढच्यांच्या कामी येत नसे. टर्बोपॉवर या संस्थेने मार्क आणि रिलीज नावाची छोटी साधने काढली : आधी खूण करून ठेवायची, मग त्या खुणेनंतर आलेले सगळे एकदम काढायचे. पण बहुतेकांचा उपाय एकच होता. ऑटोएक्झेकमधील ती ओळ मुकी करायची आणि संगणक पुन्हा सुरू करायचा.

६/
दशक संपता संपता हा हिशेब फारच ओढाताणीचा झाला. ६४०मधून डॉसचा वाटा आधी जाई. मग माउसचा ड्रायव्हर, सीडी-रॉमचा, आवाजाच्या कार्डाचा, कार्यालयात असेल तर नेटवर्कचा. प्रत्येकी दहा, वीस, तीस किलोबाइट. एवढ्यावर मोठा तक्ता उघडायला जावे तर मेमरी अपुरी. यंत्रात ४ मेगाबाइटच्या चिपा बसवलेल्या असत आणि तरीही जागा नाही असा संदेश येई, कारण डॉसच्या सामान्य प्रोग्रामाला पहिल्या ६४०च्या पलीकडचे दिसतच नव्हते. खेळ खेळणाऱ्यांनी यावर बूट डिस्कचा तोडगा काढला : एका फ्लॉपीवर अगदी सडसडीत ऑटोएक्झेक व कॉन्फिग ठेवायच्या आणि त्या खेळापुरता संगणक त्या फ्लॉपीवरून सुरू करायचा. १९९२चा अल्टिमा ७ हा खेळ यासाठी कुप्रसिद्ध. त्याची स्वतःची मेमरी हाताळण्याची रीत इतकी वेगळी होती की इतर मेमरी व्यवस्थापकांशी तिचे पटतच नसे. तेव्हा त्याच्यासाठी वेगळी फ्लॉपी ठेवावीच लागे. संगणकाची अंतर्रचना असंख्य मुले शिकली ती पाठ्यपुस्तकातून नव्हे, एखादा खेळ चालू होईना म्हणून. हे शिक्षण वाईट नव्हते, असे माझे मत.

७/
भिंतीला खिंडारे पाडण्याचे प्रयत्न अर्थातच चालू होते. १९८५ मध्ये लोटस, इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट या तिघांनी विस्तारित मेमरीचे एक प्रमाण ठरवले. त्याच वर्षी आलेल्या इंटेल ३८६ प्रोसेसरमुळे वरच्या ३८४ किलोबाइटमधील रिकाम्या फटींत निवासी प्रोग्राम सरकवणे शक्य झाले. क्वार्टरडेक कंपनीचे क्यूईएमएम त्यासाठीच खपले. डिजिटल रिसर्चच्या डीआर डॉस ५ने १९९० मध्ये ही सोय कार्यप्रणालीतच दिली आणि जून १९९१ मध्ये मायक्रोसॉफ्टला एमएस-डॉस ५मध्ये तिचे अनुकरण करावे लागले. स्वतः डॉसचा मोठा भाग १ मेगाबाइटच्या सीमेलगतच्या वरच्या पट्ट्यात हलला, लोडहाय या आज्ञेने इतरांनाही वर चढवता येऊ लागले, आणि ६०० किलोबाइटहून अधिक जागा मोकळी दाखवणारा पडदा ही मिरवण्याची गोष्ट ठरली. कोणाला कोणत्या क्रमाने कोणत्या फटीत बसवावे, हे मात्र कोडेच होते. मार्च १९९३च्या एमएस-डॉस ६मध्ये ते सोडवायला मेममेकर आला. तो संगणक पुन्हा पुन्हा सुरू करून नाना रचना तपासे आणि शेवटी दोन्ही फाइली स्वतःच नव्याने लिहून देई.
याच आवृत्तीत आणखी दोन सोयी आल्या. सुरुवातीला एफ-५ दाबले की दोन्ही फाइली पूर्ण वगळल्या जात; एफ-८ दाबले की कॉन्फिगमधील प्रत्येक ओळ चालवू का, अशी विचारणा होई. आपल्या इतिहासात मालकाच्या अधिकाराचा हा कळस. प्रत्येक ओळीला मालकाचा होकार.

८/
पण या यादीच्याही आधी काही घडते, याचा अनुभव भारताने याच सुमारास घेतला. १९९० मध्ये भारतात एक विषाणू सापडला. त्याचे नाव जोशी. हा ऑटोएक्झेकमध्ये कधीच दिसत नसे. फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये किंवा हार्ड डिस्कच्या विभाजन-कोष्टकात तो बसे, म्हणजे डॉस चढण्यापूर्वीच मेमरीत हजर. ५ जानेवारीला संगणक अडून बसे आणि 'हॅपी बर्थडे जोशी' असे टंकून शुभेच्छा द्या, अशी मागणी करी. शुभेच्छा दिल्या की सुटका. ऐकायला गंमत वाटते. ज्याचे हिशेबाचे काम त्या दिवशी अडले त्याला वाटली नसावी.
त्याला ओळखण्याची एक खूण याच धाग्याच्या विषयाशी जोडलेली आहे. डॉसची चेकडिस्क ही आज्ञा एकूण मेमरी सांगते. पूर्ण ६४० किलोबाइटच्या यंत्रावर तो आकडा ६,५५,३६० बाइट यायला हवा. जोशीने ग्रासलेल्या यंत्रावर त्यातून सुमारे ६ किलोबाइट गायब असत. यादीत नाव नाही, पण जागा मात्र खाल्ली आहे. आपल्या यंत्राची पूर्ण बेरीज पाठ असलेल्या माणसालाच तो चोर सापडे.

९/
विषाणूंवरचा उतारा आला तोही निवासी प्रोग्रामच्याच रूपात. राखणदार कायम जागा हवा, म्हणून त्याला सर्वांआधी आत घ्यायचे आणि प्रत्येक फाइल त्याच्या नजरेखालून जाऊ द्यायची. १९९०च्या दशकाच्या मध्यास पुण्यात कैलास व संजय काटकर या बंधूंनी उभे केलेले क्विक हील हे याच गरजेचे अपत्य. दुरुस्तीच्या दुकानातून आलेले, आणि म्हणून या रोगाशी रोज गाठ असलेले. जगभरच्या अशा सर्व राखणदारांविषयी एक पेच तेव्हापासून आजतागायत कायम आहे : पगार त्यालाही मेमरीतूनच द्यावा लागतो.

१०/
क्षणभर ॲपलकडे वळू. तेथे प्रश्न जागेपेक्षा वेळेच्या बाजूने आधी विचारला गेला. ऑगस्ट १९८३ मध्ये मॅकिंटॉश सुरू व्हायला फार वेळ घेतो म्हणून स्टीव्ह जॉब्स यांनी लॅरी केनियन या अभियंत्याला गाठले. पन्नास लाख लोक रोज हे यंत्र सुरू करतील, प्रत्येकाचे दहा सेकंद वाचले तर वर्षाकाठी डझनावारी माणसांचे आयुष्य वाचेल, असा त्यांचा हिशेब. वक्तृत्व म्हणून छान, अंकगणित म्हणून मात्र बरेच फुगवलेले. पुढे त्याच मॅकवर एक्स्टेंशन नावाचे जोडप्रोग्राम इतके झाले की यंत्र सुरू होताना पडद्याच्या तळाशी त्यांच्या चिन्हांची वरात निघे. १९९४च्या सिस्टिम ७.५मध्ये त्यांना आवरणारा एक्स्टेंशन्स मॅनेजर द्यावा लागला. वरात निदान डोळ्यांसमोरून जात होती, हे मॅकचे श्रेय; कारण विंडोजमध्ये याच काळात नेमके उलटे घडत होते.

११/
एप्रिल १९९२च्या विंडोज ३.१मध्ये स्टार्टअप नावाचा एक गट होता. त्यात चिन्ह टाकले की तो प्रोग्राम विंडोजबरोबर सुरू होई. काढले की नाही. विन डॉट आयएनआय या फाइलीत लोड आणि रन अशा दोन ओळी होत्या, त्याही साध्या मजकुरात. यादी आता दोन-तीन ठिकाणी विभागली होती, तरी अजून उघड्यावर होती.

१२/
२४ ऑगस्ट १९९५. विंडोज ९५ आली आणि संगणकाचा चेहरामोहरा बदलला. आपल्या दृष्टीने महत्त्वाचा बदल मात्र पडद्यावर दिसणारा नव्हता. मांडणीची सारी माहिती आता रजिस्ट्री नावाच्या एका भांडारात जाऊ लागली आणि त्याच्या पोटात खोलवर 'रन' नावाच्या कप्प्यांत स्टार्टअपची नवी यादी तयार झाली. एक यंत्राची, एक वापरकर्त्याची, एकदाच चालवायच्या गोष्टींची आणखी एक. स्टार्टअप फोल्डर होताच. पण चाणाक्ष सॉफ्टवेअर तेथे का जाईल? तेथे वापरकर्त्याची नजर जाते. रजिस्ट्री उघडायची तर वेगळे साधन हवे, कप्प्याचा लांबलचक पत्ता पाठ हवा, आणि चुकीचा कप्पा पुसला तर यंत्रच सुरू होणार नाही ही भीती मनात.
माझ्या मते या इतिहासाचा सांधा येथे आहे. रजिस्ट्रीमागचा हेतू वाईट नव्हता. विखुरलेल्या शेकडो मजकूर-फाइलींपेक्षा एक शिस्तबद्ध भांडार बरे, हा विचार योग्यच होता. पण त्या ओघात यादीचा लेखक बदलला. ऑटोएक्झेकमध्येही इन्स्टॉल होणारे प्रोग्राम आपली ओळ घुसडत असत, नाही असे नाही. तरी ती ओळ मालकाच्या वहीत, मालकाच्या डोळ्यांसमोर पडे. आता वही पाहुण्यांनी लिहायची आणि ती मालकाने वाचू नये अशा जागी ठेवायची, अशी रीत पडली.

१३/
पाहुण्यांचा हेतू काय? कधी खरी सोय. कधी वेगाचा आभास : ऑफिस ९७मधील एक मदतनीस विंडोजबरोबरच सुरू होऊन आवश्यक भाग आधीच मेमरीत आणून ठेवी, म्हणजे वर्ड उघडताना ते चटकन उघडल्यासारखे वाटे. वेळ वाचला नव्हता, फक्त तो वर्डच्या खात्यातून विंडोजच्या खात्यात टाकला होता. कधी नव्या आवृत्तीची विचारणा, आणि बऱ्याचदा निव्वळ घड्याळाशेजारी आपले चिन्ह झळकावे ही हौस. त्या जागेचे अधिकृत नाव नोटिफिकेशन एरिया आहे, सिस्टिम ट्रे नव्हे, असे मायक्रोसॉफ्टचे रेमंड चेन वर्षानुवर्षे सांगत आले. जग ट्रेच म्हणत राहिले.
या चिन्हांची एक किंमत लोकांच्या लक्षातही येत नसे. विंडोज ३.१मध्ये खिडक्या व चित्रवस्तूंच्या नोंदींसाठी ६४ किलोबाइटच्या ठरावीक कोठ्या होत्या. विंडोज ९५ने त्या बऱ्याच मोकळ्या केल्या, पण सगळ्या नाही. घड्याळाशेजारी शांत बसलेला प्रत्येक प्रोग्राम एक-दोन अदृश्य खिडक्या उघडून या कोठ्यांतला वाटा घेई. त्यामुळे यंत्रात मेमरी भरपूर, तरी 'रिसोर्सेस' संपल्याची तक्रार, असा प्रकार घडे. लोक नवी रॅम विकत आणत आणि तक्रार तशीच राही.

१४/
जून १९९८च्या विंडोज ९८मध्ये मायक्रोसॉफ्टने एमएसकॉन्फिग हे साधन दिले. सगळ्या याद्या एका खिडकीत, प्रत्येकीपुढे चौकट. खूण काढा, पुन्हा सुरू करा. 'रेम' या तीन अक्षरांचा हा पुनर्जन्मच. ते मुळात दोषशोधनासाठी होते, पण ओळखीच्या 'कॉम्प्युटरवाल्या' मुलांच्या हाती ते झाडूसारखे आले. विंडोज २०००मध्ये ते नव्हते. २००१च्या एक्सपीत परतले.
झाडू आंधळेपणाने फिरवण्याचे परिणाम मराठी माणसाने खास भोगले. त्या काळी विंडोजवर देवनागरी लिहायची तर आयएसएम, श्रीलिपी यांसारखे सॉफ्टवेअर लागे, आणि त्याचा कळफलक-चालक पार्श्वभूमीत सतत जागा असावा लागे. कळ दाबली की ती मध्येच अडवून त्याजागी देवनागरी फाँटातले चिन्ह द्यायचे. म्हणजे साइडकिकचीच युक्ती, आपल्या लिपीच्या सेवेत. एका डीटीपीच्या दुकानात एका उत्साही तरुणाने रात्री 'सगळे फालतू' काढून टाकले, आणि सकाळी लग्नपत्रिकांची घाई असताना कळफलकातून एकही मराठी अक्षर निघेना. तो तरुण कोण, हे सांगण्याची आवश्यकता नाही. तो आता धागे लिहितो.

१५/
एमएसकॉन्फिगची मर्यादा अशी की रनसारख्या ओळखीच्या जागा ते दाखवी, आणि घुसखोरांनी तोवर नव्या जागा शोधल्या होत्या : ड्रायव्हर, सेवा, नियोजित कामे, ब्राउझरचे जोडप्रोग्राम, फाइलींच्या उजव्या टिचकीचा मेन्यूसुद्धा. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल या दोन अभियंत्यांच्या सिसइंटर्नल्स या संकेतस्थळावरचे ऑटोरन्स हे मोफत साधन येथे उपयोगी पडले. विंडोजमध्ये स्वयंचलितपणे काहीही सुरू होऊ शकेल अशी प्रत्येक जागा ते खणून काढते. ते पहिल्यांदा उघडणारा माणूस हबकतो. यादी दहा-वीस नव्हे, शेकडो नोंदींची निघते.
३१ ऑक्टोबर २००५ रोजी रुसिनोविच यांनी जाहीर केले की सोनी बीएमजीच्या संगीताच्या सीडीने त्यांच्या संगणकावर नक्कलविरोधी सॉफ्टवेअर टाकले असून, त्याचा ड्रायव्हर ठरावीक अक्षरांनी सुरू होणारी प्रत्येक फाइल, प्रक्रिया आणि रजिस्ट्रीची नोंद दृष्टिआड करतो. गाणी ऐकायला घेतलेल्या तबकडीने यंत्राच्या मालकापासून यंत्रातील यादी लपवावी! गदारोळ झाला, खटले झाले, सीडी परत घ्याव्या लागल्या. जोशी नावाच्या विषाणूने जे लपून केले, तेच एका प्रतिष्ठित कंपनीच्या नावाने झाले होते. पुढच्या वर्षी, जुलै २००६ मध्ये, मायक्रोसॉफ्टने सिसइंटर्नल्स विकत घेतले आणि ऑटोरन्स मोफतच ठेवले.

१६/
एव्हाना मूळ टंचाई बदलली होती, हे समजून घ्यायला हवे. व्हर्च्युअल मेमरी असलेल्या विंडोजमध्ये स्वस्थ बसलेल्या प्रोग्रामची पाने गरजेनुसार डिस्कवर सरकवता येतात. म्हणून "मेमरी मोकळी करा" हा डॉसकालीन मंत्र पूर्वीइतका अचूक राहिला नव्हता. खरी झोंबी होती डिस्कपाशी. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी तबकडी सेकंदाला १२० वेळा फिरते. हवी ती जागा सुईखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद. त्याआधी सुई योग्य वर्तुळावर न्यायला आणखी ८-९. विखुरलेल्या जागांवरचे वाचन सेकंदाला साधारण पाऊणशेच होते. वीस प्रोग्रामांनी एकाच वेळी आपापल्या फाइली मागितल्या की सुई इकडून तिकडे धावत राहते आणि कोणाचेच काम पुरे होत नाही. २००७ साली लोकांहाती आलेल्या विंडोज व्हिस्टाने म्हणून काही सेवांना 'उशिरा सुरू व्हा' असे सांगण्याची सोय दिली.

१७/
सर्वांत स्वच्छ विचार मात्र विंडोजबाहेर झाला. सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेतील पोर्टलंडच्या लिनक्स परिषदेत इंटेलच्या आर्यन व्हान डे व्हेन आणि औके कोक या दोघांनी आसुसचा छोटासा ईई पीसी पाच सेकंदांत सुरू करून दाखवला. त्यांची पद्धत पाहण्यासारखी आहे. "थोडे वेगवान करू" असे न म्हणता त्यांनी आधी अंदाजपत्रक मांडले : कर्नलला १ सेकंद, प्राथमिक सेवांना १, चित्रपटलाला १, डेस्कटॉपला २. ज्याला आपल्या वाट्यात बसता येणार नाही, त्याने दार उघडण्याच्या वेळी येऊ नये. आणि 'सुरू झाले' याची व्याख्याही कडक : प्रोसेसर व डिस्क दोन्ही निवांत झाले तरच. पडद्यावर चित्र दाखवून आत धावपळ चालू ठेवणे मोजणीत धरायचे नाही. घरच्या लॅपटॉपवर टपाल-सर्व्हर कशासाठी सुरू होतो, असे साधे प्रश्न त्यांनी विचारले. ॲपलच्या लाँचडीने २००५ मध्ये आणि लिनक्सच्या सिस्टिमडीने २०१० पासून जे तत्त्व रूढ केले तेही याच दिशेचे : कोणी हाक मारल्याशिवाय सेवेने उठायचे नाही.

१८/
विंडोजमध्ये मालकाची वही मालकाच्या हाती आली ती २६ ऑक्टोबर २०१२ रोजी, विंडोज ८बरोबर. टास्क मॅनेजरमध्ये, म्हणजे यंत्र रेंगाळले की माणूस सहज जेथे जातो तेथेच, स्टार्टअपचे सदर आले आणि प्रत्येक नावापुढे परिणामाचा शेरा. हा शेरा डोळेझाक अंदाजाचा नाही. सुरू होताना प्रोसेसरचा एक सेकंदाहून अधिक वेळ किंवा डिस्कवर ३ मेगाबाइटहून अधिक देवघेव झाली तर 'हाय', ३०० मिलिसेकंद व ३०० किलोबाइट या दोहोंच्या आत राहिले तर 'लो', मधले 'मीडियम'. कोणाला काढावे, यासाठी आधी मोजमाप हाती आले.
व्यवहारात एवढे पाहावे : टचपॅड, आवाज व ग्राफिक्सचे साहाय्यक, विषाणूरोधक आणि मराठी टंकन जपून, संगीत, खेळ, गप्पा आणि नव्या आवृत्त्या शोधणारे बिनदिक्कत बंद. बंद केल्याने प्रोग्राम जात नाही, बोलावल्यावर येतोच. आणि विंडोज ८पासून 'शट डाउन' हे पूर्ण बंद होणे नसते. कर्नलची स्थिती डिस्कवर साठवून ठेवलेली असते. यादीतील फरक खरोखर जोखायचा तर 'रीस्टार्ट' करावे.

१९/
फोनमध्ये ही यादी कुठे आहे, असे कोणी विचारील. अँड्रॉइडमध्ये फोन सुरू झाल्याची वर्दी मिळवण्याची परवानगी ॲपला लागते. पण ती सामान्य परवानग्यांत मोडते, म्हणजे वापरकर्त्याला न विचारताच दिली जाते. २०१७च्या अँड्रॉइड ८ने पार्श्वभूमीतील कामांवर बंधने घातली. वही मात्र पुन्हा पाहुण्यांच्या हातात आहे. त्यावर स्वतंत्र धागा लिहावा लागेल.

२०/
शेवटी, ऑटोएक्झेकचे पुढे काय झाले? विंडोज एक्सपीच्या सी ड्राइव्हवर ही फाइल असे, लपवलेली, आकार शून्य बाइट; जुन्या प्रोग्रामांनी शोधलीच तर सापडावी एवढ्यासाठी. व्हिस्टात तिच्यात एकच ओळ उरली होती. ती डॉस प्रोग्रामांसाठीची नाममात्र फाइल आहे, अशा अर्थाची टीप; एकूण २४ अक्षरे, २४ बाइट. आणि त्या ओळीचा आरंभ 'रेम'ने होतो.